चार खिळ्यांचा सूर

साल्तो, १४ जानेवारी १९८५

प्रिय एवारिस्तो,

बसला असशील तर उठ, आणि उभा असशील तर काहीतरी धर! नोएमी बिदेगाइन परत येतेय! आपल्या उरुग्वायमध्ये, आपल्या साल्तोत, आणि आमच्या नाट्यगृहात वाजवणार आहे. २० एप्रिल, शनिवार. लष्करानं तिला हाकललं तेव्हापासून अकरा वर्षं ती त्या स्वीडनच्या बर्फात पडून होती. ती सहा वर्षांची होती तेव्हापासून तिच्या घरचा पियानो मी लावत आले. तेव्हा माझ्या मांडीवर बसून खुंट्या मोजायची. आता तिचे केस पिकलेत म्हणे. पिकूदेत! गावात दुसरा विषयच नाही. पाववाली झुल्मा सकाळी पाव द्यायला येते आणि पाव विसरून जाते.

आता दुसरी बातमी, हिच्यावर तू चिडणार आहेस. आमच्या नाट्यसमितीनं नदीपलीकडून, कॉन्कॉर्दियाहून, सूर लावायचं यंत्र आणलंय. औजारांच्या पेटीएवढं आहे. त्याला एक कान आहे आणि चार दिवे. तार उतरलेली असली की दिवे एकीकडे पळतात, चढलेली असली की उलटे पळतात, आणि सूर बरोबर लागला की थांबतात. समितीचे अध्यक्ष म्हणजे आपले औषधवाले डॉन प्रुदेन्सिओ. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "लिओन्तिना, राग मानू नका, पण आता ज्याला डोळे आहेत त्याला हे काम येईल." आणि बसले स्वतः खुंट्या पिळायची चावी घेऊन! मी मुद्दाम थांबले, म्हटलं बघू तरी, म्हणजे ऐकू तरी.

एवारिस्तो, खोटं कशाला बोलू? मधली सप्तकं चांगली लावली मेल्यानं.

संताप केलास तरी कागद फाडू नकोस.

तुझी,
लिओन्तिना


मोन्तेविदेओ, २२ जानेवारी

लिओन्तिना,

कागद फाडला नाही, पण ब्रेल लिहायचा टोचा दोनदा आरपार गेलाय, तुझ्या बोटांना कळेलच.

नोएमीची बातमी वाचून मी एकटाच खोलीत टाळ्या वाजवल्या. शेजारीण दार ठोठावून विचारून गेली, काय झालं म्हणून. पण पुढचं वाचलं आणि टाळ्या थांबल्या. चांगली लावली? एक औषधवाला, चावी धरायची कशी हे ज्याला ठाऊक नाही, आणि तू म्हणतेस चांगली लावली? अंधशाळेत आपल्याला डोल ऐकायला शिकवायला गुरुजींनी किती वर्षं घेतली आठव. दोन तारा जुळल्या नाहीत की आवाज डोलतो, डोल मंदावतो, आणि तो नाहीसा होतो त्या क्षणी हात थांबला पाहिजे. ते ऐकता येणं म्हणजे आपली भाकरी होती, लिओन्तिना. सगळ्या जगात आंधळ्यांना हक्काचा म्हणून एकच धंदा होता. आता या लोकांनी आवाजाचा उजेड करणारं यंत्र काढलं, म्हणजे हा एक धंदाही डोळेवाल्यांना मिळावा. त्यांना बाकी सगळं जग कमी पडत होतं का?

इथंही तेच चाललंय. माझ्या संगीतशाळेत नवे संचालक आलेत. सभ्य माणूस, आवाज मऊ, हात घामट. त्यांनीही तसलीच पेटी मागवलीय. शिवाय एक अभियंता. मला म्हणाले, "डॉन एवारिस्तो, आपण आता आराम करायला हवा." मी म्हटलं, "आराम थडग्यात."

तू त्या समितीला ठणकावून सांग, की ती पेटी औषधांच्या कपाटात ठेवा. तुझ्या कानापुढं ती काय? साल्तोत लोक तुझ्याबद्दल काय म्हणतात ते इथवर ऐकू येतं.

एवारिस्तो


साल्तो, ३ फेब्रुवारी

प्रिय तुसड्या,

नाही सांगणार ठणकावून. उलट मी समितीकडे ती पेटीच मागितली! आणि डॉन प्रुदेन्सिओंनी दिली, कारण वरच्या दोन सप्तकांपर्यंत पोचताना त्यांनी एक तार तोडली आणि तिचा फटका त्यांच्या नाकाला बसला. आता गावभर नाकाला पट्टी लावून हिंडतात आणि लोकांना सांगतात मधमाशी चावली.

तू म्हणशील, आंधळीला दिव्यांचा काय उपयोग? थांब. आमच्या चौकात एल्विओ आहे, रेडिओ दुरुस्त करतो. त्याच्याकडे पेटी नेली. म्हटलं, "एल्विओ, हे दिवे मला दिसत नाहीत. दिव्यांच्या जागी दुसरं काही बसव, मला हाताला लागेल असं." त्यानं येर्बाच्या पाल्याच्या कडू चहाचा घोट नळीतून ओढला. मग म्हणाला, "डोन्या लिओन्तिना, तुम्ही वाचता कशानं?" मी म्हटलं, "बोटांनी." "मग झालं तर," म्हणाला आणि पेटीचं झाकणच उघडलं. तेव्हापासून त्याच्या दुकानातले रेडिओ मुके पडलेत, गिऱ्हाइकं शिव्या देतायत, आणि तो माझ्या पेटीत डोकं घालून बसलाय.

नवीन गोष्टीची मला किती मजा वाटतेय सांगू! या वयात. तू मात्र जुन्याला चिकटून बस.

इकडे उन्हाळा भयंकर आहे. गंमत म्हणजे यंदा रातकिडे नाहीतच. दरवर्षी संध्याकाळी अंगणात बसलं की कान किटायचे, यंदा शुकशुकाट. संत्र्यांच्या बागांवर काय फवारतात कोण जाणे, सगळे मेले असावेत.

लिओन्तिना


मोन्तेविदेओ, १२ फेब्रुवारी

लिओन्तिना,

तुझं पत्र परत परत वाचलं. आधी पेटीवरच चिडत होतो. मग एका ओळीशी बोट अडलं आणि तिथून पुढं सरकेना.

शेजारी कुणालातरी विचार, रातकिडे ओरडतात का. फक्त एवढं कर.

ए.


साल्तो, २० मार्च

एवारिस्तो,

महिन्यावर लिहिलं नाही. तुझ्यावर राग होता. असा राग, की तुझं पत्र मी चुलीजवळ ठेवलं होतं.

विचारलं मी. झुल्माला. अंगणात बसवलं आणि सहज विचारल्यासारखं केलं, "यंदा रातकिडे कमी आहेत, नाही?" ती हसली. म्हणाली, "कमी? अहो, मी इथं ओरडून बोलतेय ते कशासाठी? या मेल्यांच्या वरचढ आवाज काढावा लागतो म्हणून!"

मी आत जाऊन पियानोशी बसले आणि अगदी वरच्या पट्ट्या एकेक करून दाबल्या. काय ऐकू आलं सांगू? टक. टक. टक. लाकडावर हातोडी आपटल्याचा आवाज. सूर नाही. वर्षभरापासून तसंच येतंय. मी स्वतःला सांगत होते की पियानो जुना झाला, हातोड्यांवरची लोकर दगड झाली, हवा दमट आहे. वरच्या तारा मी सवयीनं लावत होते, हाताच्या अंदाजानं. कुणी तक्रार केली नाही. कारण तू म्हणतोस ना, लोक काय म्हणतात. साल्तोत म्हणतात, आंधळ्या लिओन्तिनाला उरुग्वाय नदीत मासा वळला तरी ऐकू येतो. अशा बाईकडे तक्रार कोण करणार?

हे मी टोच्यानं लिहितेय म्हणून लिहू शकतेय. इथं हे ठिपके वाचणारं कुणी नाही. कुणाला सांगशील तर बघ.

म्हणून मागितली मी पेटी. नव्याची हौस वगैरे काही नव्हतं, खोटं होतं ते. म्हणजे तेव्हा खोटं होतं. आता नाही! कारण एवारिस्तो, एल्विओनं करून दाखवलंय! ऐक. दिवे काढून त्या जागी चार छोटे खिळे बसवलेत, गुळगुळीत डोक्यांचे. डाव्या हाताची चार बोटं त्यांवर ठेवायची, उजव्यात चावी. तार वाजली की खिळे एकामागून एक वर येतात, टुक टुक टुक टुक, तर्जनीकडून करंगळीकडे. म्हणजे उतरलेली. चावी हलकेच वर ओढली की पळणं मंदावतं. फार ओढली की उलटे पळतात, करंगळीकडून तर्जनीकडे. आणि बरोबर जागी आली की सगळे थांबतात. हाताखाली एकदम शांत. पहिल्यांदा ते थांबले तेव्हा मी ओरडलेच! तो डोलच आहे रे, आपला डोल, गुरुजींनी कानात घातलेला, तो बोटांत आलाय!

एक मार्चला लष्कराचं राज्य संपलं. चर्चच्या घंटा, मोटारींचे भोंगे, लोक रस्त्यात एकमेकांच्या गळ्यात पडत होते, आणि मी त्या गर्दीत उभी राहून विचार करत होते, की यातलं काय काय मला ऐकू येत नसेल?

आता खरं सांग. नोएमीचा पियानो मी लावू का? की समितीला सांगू, दुसरा माणूस बघा?

लिओन्तिना


मोन्तेविदेओ, २७ मार्च

लिओन्तिना,

लाव. तूच लाव.

मी येतोय. ईस्टर झालं की पहिल्या बसनं. भांडायला येतोय असं समज, कारण पेटीवर माझा अजूनही विश्वास नाही. पण पियानोचा वरचा भाग ऐकायला कुणीतरी हवं, आणि माझे कान तेवढे शाबूत आहेत. बाकी सगळं कुरकुरतं, गुडघे, पाठ, बहीण.

कार्यक्रमाला मात्र थांबता येणार नाही. १९ तारखेला संगीतशाळेत माझी परीक्षा आहे. या वयात परीक्षा! दिवाणखान्यात एका घडणीचे दोन पियानो आहेत. एक अभियंता पेटीनं लावणार, दुसरा मी कानानं. पडद्याआडून पंच ऐकणार आणि ठरवणार. मी हो म्हटलं. दाखवतोच त्यांना.

बसस्थानकावर येऊ नकोस, धक्के लागतात. मी काठी टेकत येईन.

एवारिस्तो


मोन्तेविदेओ, १६ एप्रिल

प्रिय लिओन्तिना,

पोचलो. तू दिलेल्या संत्र्यांच्या मुरंब्याची बरणी वाटेत फुटली नाही, बहिणीनं ती घरी पोचल्यावर फोडली.

बसमध्ये सारखं तेच आठवत होतं. पहिल्या दिवशी तू चार बोटं त्या खिळ्यांवर ठेवून नाट्यगृहातल्या पियानोचं वरचं सप्तक लावलंस आणि मला म्हणालीस, "आता ऐक आणि गप्प बस." मी ऐकलं. आणि गप्प बसलो नाही. प्रत्येक सूर जागच्या जागी होता, हिशोबानं एक केस इकडेतिकडे नव्हता, आणि सगळं कसं निर्जीव! पाटीवर लिहिलेल्या पाढ्यांसारखं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, सापडली चोरी. तू मात्र रडकुंडीला आलीस. "मला फरकच कळत नाही रे," म्हणालीस, "तू म्हणतोस ते खरं की खोटं हेही कळत नाही." तेव्हा माझा आनंद कुठल्या कुठे गेला.

मग तूच म्हणालीस, "पेटीला कळ आहे. सूर थोडा चढा मागता येतो. तू सांग किती."

ते दिवस मी विसरणार नाही. गुरुजी सांगायचे, वरचे सूर हिशोबापेक्षा किंचित चढेच लागतात, नाहीतर खालच्यांशी त्यांचं पटत नाही. पण किंचित म्हणजे किती, ते प्रत्येक पियानोला वेगळं, ते कानच सांगतो. मी "वर" म्हणायचो, तू कळ फिरवायचीस, खिळे नव्या जागी थांबायचे, तार त्या जागी आणायचीस. "अजून." "अजून?" "किंचित. बस! हात काढ!" आणि एल्विओ त्या कळीच्या कडेला कानशीनं खाच पाडायचा, तुझ्या नखाला लागेल अशी. प्रत्येक सुराला एक खाच. शेवटची पट्टी लागली आणि मी वरपासून खालपर्यंत हात फिरवला, तेव्हा काचेच्या मण्यांची माळ तुटून फरशीवर सांडावी तसं झालं. तू विचारलंस, "कसं आहे?" मी नुसता तुझा दंड धरला. तू म्हणालीस, "एवढं दाबू नकोस, कळलं."

आता नोएमीचा सराव होईल तेव्हा मी नसेन. ती काही म्हणाली तर वाद घालू नकोस. वाजवणाऱ्याचं ऐकायचं असतं.

शुक्रवारी माझी पाळी. पेटीशी माझी दोस्ती झालीय असं समजू नकोस. तुझ्या पेटीशी झालीय. संचालकांच्या पेटीचं डोकं मी फोडणार.

एवारिस्तो


साल्तो, २२ एप्रिल

एवारिस्तो, एवारिस्तो!

कुठून सुरू करू? घाईघाईनं टोचतेय, ठिपके वेडेवाकडे पडले तर सांभाळून घे.

सरावाचं आधी सांगते. नोएमी आली, तिनं मला मिठी मारली. तिच्या अंगाला अजून परक्या देशाच्या साबणाचा वास आहे. पियानोशी बसली, वरपासून खालपर्यंत गेली, आणि पुन्हा वरच्या टोकाशी आली. माझा जीव मुठीत. मग म्हणाली, "अकरा वर्षं तिथं सगळं मला जरासं उतरलेलं ऐकू यायचं. मला वाटायचं, माझंच काही बिघडलंय." बस, एवढंच. एकच खुंटी तिला ढिली वाटली. अगदी वरची, गंजलेली. मी ठोकून बसवली. म्हटलं, टिकेल.

नाही टिकली!

शनिवारी नाट्यगृह असं भरलं, की सज्ज्यात माणसं एकमेकांच्या मांडीवर बसली होती. आत न मावलेले चौकात. म्हणून सगळी दारं उघडी टाकली. डांबरगोळ्यांचा वास येत होता, सगळ्यांनी ठेवणीतले कपडे काढलेले. मी पहिल्या रांगेत कडेला, माझ्या शेजारी डॉन प्रुदेन्सिओ, त्यांचे नवे बूट चुरचुरत होते. नोएमी व्यासपीठावर आली आणि तिला वाजवूच देईनात. उभे राहून टाळ्या, पाय आपटणं, कुणीतरी तिच्या वडिलांचं नाव घेऊन ओरडलं, ते बिचारे ती परत यायची वाट बघतच वारले. ती रडली असावी, कारण पहिले सूर अगदी हळू आले. पण मग! काय वाजवलं पोरीनं! झुल्मा माझ्या कानात सांगत होती, "डोन्या लिओन्तिना, तिचे हात दिसेनासे झालेत!"

मध्यंतर झालं. दुसऱ्या भागात एक लांबलचक रचना होती, तिचा शेवट सगळा वरच्या टोकाला. मी मनातल्या मनात तुझ्या खाचा मोजत होते. आणि नोएमी थांबली. मधेच. मग तिचा आवाज, "लिओन्तिना, जरा वर येतेस का? ती खुंटी सरकली."

डॉन प्रुदेन्सिओंनी हात धरून मला पायऱ्या चढवल्या. चावी माझ्या पिशवीत असतेच. पियानोशी उभी राहिले, पट्टी दाबली. टक. पुन्हा दाबली. टक. आणि तेवढ्यात सज्ज्यातून कुणीतरी ओरडलं, "श्वासही घेऊ नका रे! आमच्या लिओन्तिनाला नदीतला मासा वळलेला ऐकू येतो!" लोक हसले. प्रेमानं हसले रे. आणि मग असे शांत झाले, की मला माझं रक्त ऐकू येत होतं.

एवारिस्तो, मला करता आलं असतं. चावी थोडी ओढायची, डोकं कलतं करायचं, ऐकल्यासारखं करायचं, "झालं" म्हणायचं. हाताचा अंदाज आहे माझा. कदाचित लागलाही असता. लागला नसता तरी नोएमीनं निभावून नेलं असतं, तिनं मला गावासमोर उघडं पाडलं नसतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका दमात आलं.

पेटी माझ्या घरी नव्हती, तिथंच होती, पडद्यामागे. मी वळले आणि म्हणाले, "डॉन प्रुदेन्सिओ, पेटी आणा."

त्यांना कळेना. "आत्ता? इथं?"

"इथंच. या खुर्चीवर ठेवा."

कुजबुज सुरू झाली. तेव्हा मी लोकांकडे तोंड केलं. निदान मला वाटलं तिकडे, झुल्मा म्हणते मी पडद्याकडे बघून बोलत होते. म्हटलं, "मंडळी, माशाचं सोडा. हा सूरच मला ऐकू येत नाही. वरच्या दोन सप्तकांचं काहीच येत नाही. गेल्या वर्षापासून. ते माझ्या मित्राच्या कानानं लावलंय आणि या पेटीत ठेवलंय, आणि मी ते बोटांनी वाचते. तुम्हाला हे चालणार नसेल तर आत्ता सांगा. चालणार असेल तर गप्प बसा, कारण या यंत्राला खोकला ऐकू येतो."

कुणी खोकलं नाही.

त्या सुराच्या तीन तारांपैकी बाजूच्या दोन लोकरीच्या चिंधीनं दाबून मुक्या केल्या, एकच मोकळी ठेवली. डावा हात खिळ्यांवर. नखानं खाच शोधली, कळ त्या जागी आणली. नोएमी पट्टी वाजवत होती, एकसारखी, हलक्या हातानं. खिळे पळायला लागले, तर्जनीकडून करंगळीकडे, जोरात. मी ओढलं. मंदावले. अजून जरासं. रेंगाळले. एक खिळा वर आला आणि तिथंच राहिला. मग दुसरी तार, मग तिसरी. खुंटीवर हातोडीचा एक घाव घातला, पुन्हा तपासलं. थांबलेले! "बघ," मी नोएमीला म्हटलं. तिनं तो सूर खालच्या भावंडांबरोबर वाजवला, एकदा, दोनदा. आणि मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "परफेक्तो!"

ते छत कोसळलं नाही एवढंच! मला वाटलं टाळ्या आहेत, पण झुल्मा सांगते, लोक खुर्च्यांवर उभे होते. तो आवाज मात्र मला पुरता ऐकू आला. पायांतून, छातीतून, सगळीकडून आला. डॉन प्रुदेन्सिओ मला खाली उतरवताना हुंदके देत होते. म्हणाले, "लिओन्तिना, मला वरचं सगळं ऐकू येतं. तुम्हाला लागेल तेव्हा हाक मारा, मी येऊन ऐकत बसेन." मी म्हटलं, "या, पण नाक दूर ठेवा."

नोएमीनं ती रचना पुन्हा पहिल्यापासून वाजवली.

आता सगळं गोडगोडच झालं असं समजू नकोस. रविवारी एका बाईनं निरोप पाठवला, की आमचा पियानो यापुढं दुसऱ्याकडून लावून घेऊ. आणि बाकीचे? मी ठार बहिरी झाल्यासारखे माझ्या तोंडाशी येऊन किंचाळतात. आजच पोस्टमन "पत्र नाही!" असं ओरडला की कुत्री भुंकायला लागली.

पत्र का नाही? तुझ्या परीक्षेचं काय झालं? सांग, सांग लवकर!

लिओन्तिना


मोन्तेविदेओ, २९ एप्रिल

लिओन्तिना,

तुझं पत्र वाचताना मी उभा राहिलो. खुर्चीवर नाही, गुडघे ऐकत नाहीत, पण उभा राहिलो. मग बहिणीला पूर्ण वाचून दाखवलं. तिला सूर म्हणजे काय ते कळत नाही, तरी ती म्हणाली, "या बाईला मला भेटायचंय."

आता माझं ऐक. मुद्दाम थांबलो होतो, आधी तुझं कळू दे म्हणून.

परीक्षा झाली. दोन पियानो, पडदा, मागे पंच. मी सबंध दिवस घालवला, जीव ओतला. अभियंता जेवायला घरी जाऊन आला. मग एकजण दोन्हींवर तेच ते वाजवत गेला. पंचांची मतं निम्मी निम्मी पडली. तेव्हा त्या मऊ आवाजाच्या संचालकांना काय सुचलं कोण जाणे. ते म्हणाले, "डॉन एवारिस्तो, तुम्हीच सांगा. तुमचा कोणता?" मी हसलो. आईला पोराचा आवाज ओळखायला सांगतात का कुणी? मान कलती केली, ऐकलं, दोन्ही ऐकले, आणि छाती पुढं काढून सांगितलं, "दुसरा. यातला गोडवा यंत्राला जन्मात जमायचा नाही."

दुसरा अभियंत्याचा होता.

कुणी हसलं नाही, हे त्यांचे उपकार. त्या पोरसवदा अभियंत्यानं तर माझी माफीच मागायला सुरुवात केली. आणि मग, लिओन्तिना, काय झालं ठाऊक आहे? मीच हसायला लागलो. थांबताच येईना. पोट धरून. इतके महिने मी ज्याच्याशी लढत होतो त्याच्याच गळ्यात मी भर दिवाणखान्यात हार घातला! त्या पोराला जवळ बोलावलं, म्हटलं, दाखव बाबा, वरचे सूर किती चढे घेतलेस. त्यानं सांगितलं. माझ्यासारखेच घेतले होते. एका म्हाताऱ्या माणसाला विचारून घेतले, म्हणाला. म्हणजे त्या पेटीतही कुणाचातरी कान होताच.

नोकरी गेली. निरोपाचा समारंभ करणार होते, मी नको म्हटलं. वाईट वाटतं का? पहाटे उठून काठी शोधतो आणि मग आठवतं, की कुठं जायचं नाही, तेव्हा वाटतं. बाकी वेळ अंगात एक विचित्र हुशारी आली आहे. एल्विओला विचार, आणखी एक तसली पेटी तो करेल का. इथं आपल्या अंधशाळेतले सहासात जण आहेत, सगळ्यांचे धंदे बसत चाललेत, आणि बोटं सगळ्यांना आहेत.

आणि तुला विचारतो, सरळच विचारतो, वळसे घालायचं वय गेलं. तुझ्याकडे वरचा कान नाही. माझ्याकडे काम नाही. मी साल्तोला आलो, कायमचा, तर लोक काय म्हणतील याची मला फिकीर नाही. तू काय म्हणशील?

एवारिस्तो


साल्तो, ५ मे

एवारिस्तो,

एल्विओ तीन पेट्या करायला बसलाय, चौथीचे खिळे कॉन्कॉर्दियाहून यायचेत. कार्यक्रमाला पाइसांदूचे लोक आले होते, तिथल्या क्लबात दोन पियानो कुजत पडलेत. त्यांनी बोलावलंय. आर्तिगासहून निरोप आहे. डॉन प्रुदेन्सिओ रोज संध्याकाळी ऐकायला येऊन बसतात, त्यांना काही कळत नाही, त्यामुळे तू ये.

बहिणीला घेऊन ये. तिला चुलीजवळची खोली देते, तुला पियानोजवळची. लोक काय म्हणतील ते मला वरच्या पट्टीत सांगतील, म्हणजे ऐकू येणार नाही.

एकच अट. जेवताना माझ्या डाव्या हाताला बसायचं. तो कान अजून चांगला आहे, आणि तुझ्याशी भांडताना मला एक शब्दही चुकवायचा नाही.

लिओन्तिना